साठीचा वाढदिवस, धारवाड आणि रविवार सकाळची बैठक

तुमच्या बाबांना फेब्रुवारीत साठ पूर्ण होतायत. साठीशांत घरी होणार आहे आणि त्यानंतरच्या शनिवार-रविवारी त्यांना गाण्यासाठी नावाजलेल्या एखाद्या गावी न्यायचं, समोर बसून गाणं ऐकवायचं, असं तुम्ही भावंडांनी ठरवलंय. बाबांना शास्त्रीय आणि नाट्यसंगीत आवडतं, गुडघे कुरकुरतात, सोबत घरची दहा-बारा माणसं असतील. कोल्हापूरहून दोन दिवसांत जाऊन येण्यासारखं काय, पुणे, गोवा की धारवाड, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर धारवाड. पण गाव ठरलं म्हणजे गाणं ठरलं असं होत नाही, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

मी कोल्हापुरात तबल्याची साथ करतो आणि बरीच वर्षं घरगुती बैठका जुळवूनही देतो. अशा सहलीत मंडळी हॉटेल आधी घेतात, गाडी सांगतात आणि गाण्याचं 'तिकडं गेल्यावर बघू' म्हणून सोडून देतात. आपल्या भागातल्या गाण्याच्या गावांत रोज संध्याकाळी कुठंतरी मैफल चालू आहे आणि आपण जाऊन बसायचं, असा प्रकार नसतो. इथलं गाणं तिथीवारावर चालतं. कुणाची पुण्यतिथी, कुठं उरूस, कुठं नवरात्र, कुठं गुरुपौर्णिमा. तो दिवस हुकला की त्याच गावात कुलूप लावलेलं सभागृह बघून परत यावं लागतं.

पुण्याचंच बघा. सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केला, तो डिसेंबरात असतो. पूर्वी रमणबागेत व्हायचा, आता मुकुंदनगरला होतो. बाबांचा वाढदिवस डिसेंबरात असता तर मी तिकडंच जा म्हटलं असतं, तरी गुडघ्यांचा विचार करून खुर्चीचंच तिकीट काढायला सांगितलं असतं. फेब्रुवारीत पुण्यात कार्यक्रम नसतात असं नाही, उलट दर आठवड्याला काही ना काही असतं. पण ते एखाद्या सभागृहातल्या बाविसाव्या रांगेतून दोन तास ऐकणं झालं. त्यासाठी साठीचा वाढदिवस आणि 230 किलोमीटर खर्ची घालू नका, असं मला मनापासून वाटतं.

गोव्यानं केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका दिल्या, आणखी काय सांगायचं. पण फेब्रुवारीतल्या शनिवार-रविवारी गोव्यात पर्यटकांची झुंबड असते, राहण्याचे दर चढलेले असतात, आणि तुमच्याच घरातली निम्मी माणसं समुद्राकडं पळतील. बाबांचं गाणं बाजूला राहील.

मिरज तुमच्या यादीत नाही, बहुतेक 'जवळच आहे, कधीही जाता येईल' म्हणून. 50 किलोमीटरवर असलेलं हे गाव सहलीला नाही तरी एका दिवसासाठी नक्की ठेवा. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांची कबर मिरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि तिथल्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. दर्ग्यातल्या चिंचेच्या झाडाखाली खाँसाहेब गायचे, म्हणून तिथं हजेरी लावणं गवयांना मोठं वाटतं. सतारमेकर गल्लीत भोपळ्यापासून तंबोरा कसा घडतो ते उभं राहून बघता येतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मात्र त्यासाठी उरुसाची नाहीतर नवरात्राची तारीख धरा. वाढदिवसाचा मुक्काम तिथं करण्यात अर्थ नाही, कारण रात्री सगळी मंडळी 'घरी जाऊन झोपू' म्हणणार.

आता धारवाड. कोल्हापूरच्या माणसासाठी या गावाचं मोल वेगळं आहे. शाहू महाराजांनी 1895 साली गवई अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात आणलं आणि जयपूर घराण्याचं गाणं आपल्या गावात वाढलं. महाराज 1922 साली गेल्यावर खाँसाहेब मुंबईला गेले, पण त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ कोल्हापुरात राहिले. धारवाडचे थोर गवई मल्लिकार्जुन मन्सूर आधी मिरजेच्या नीलकंठबुवांकडं शिकले, मग मुंबईत खाँसाहेबांच्या दुसऱ्या चिरंजीवांकडं, मंजी खाँकडं. मंजी खाँ 1937 साली अकाली गेले, त्यानंतर भुर्जी खाँनी मन्सूरांना पुढची तालीम दिली. म्हणजे आपल्या दरबारात मुरलेली ही विद्या भुर्जी खाँकडून मन्सूरांकडं गेली आणि धारवाडात नांदली. बाबा गाण्यातले आहेत, त्यांना हे ठाऊक असेलच. पण आपल्या गावची ही गायकी धारवाडात बसून ऐकणं हे त्यांच्यासाठी पुण्यातल्या कुठल्याही कार्यक्रमापेक्षा मोठं ठरेल.

मन्सूरांचं 'मृत्युंजय' हे घर स्मारक म्हणून जपलेलं आहे. शेजारच्या हुबळीत गायिका गंगूबाई हनगल राहिल्या. त्यांच्या नावाचं गुरुकुल तिथं आहे, मुलं गुरूंजवळ राहून शिकतात. हुबळीपासून 20 किलोमीटरवर कुंदगोळ, भीमसेनांचे गुरू सवाई गंधर्वांचं गाव. भीमसेन जोशी तिथंच शिकले. तिथल्या नाडगीर वाड्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ रात्रभर गाणं चालायची जुनी परंपरा आहे, पण ती सप्टेंबरात. मन्सूरांची पुण्यतिथीही 12 सप्टेंबरलाच येते. तेव्हा फेब्रुवारीत या तारखांचा उपयोग नाही. मग करायचं काय, तर बैठक आपणच ठरवायची. त्यासाठी धारवाड-हुबळीइतकी सोयीची जागा जवळपास दुसरी नाही, कारण चांगले गाणारे, तबलजी, पेटीवाले तिथं गावातच राहतात. कुणाला लांबून आणावं लागत नाही.

बैठक शनिवारी संध्याकाळी ठेवू नका, रविवारी सकाळी ठेवा. साडेसातला सुरू, साडेदहाला भैरवी. माझ्या सगळ्या सांगण्यात हे सर्वांत महत्त्वाचं. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आल्यापासून रात्रभराच्या मैफली बहुतेक ठिकाणी थांबल्या, आणि त्यांच्याबरोबर पहाटेचं गाणंही गेलं. पूर्वी रात्रभर बसलेल्या श्रोत्याला शेवटी ललत, तोडी, रामकली ऐकायला मिळायचे. आता सगळे कार्यक्रम संध्याकाळचे, त्यामुळं यमन, मारवा, पूरिया, बागेश्री पुन्हा पुन्हा ऐकू येतात. जयपूर घराण्याचं मोठं वैभव बिलावलच्या प्रकारांत आहे: अल्हैया, देवगिरी, यमनी, शुक्ल, कुकुभ. हे सगळे सकाळचे राग. बाबांनी ते ध्वनिमुद्रणात पुष्कळ ऐकले असतील, समोर बसून मात्र फार थोडे. त्यातला एखादा त्यांच्यापासून सहा फुटांवर कुणीतरी तब्येतीनं मांडतंय, याच्यापुढं दुसरी भेट काय देणार? शिवाय आदल्या दिवशीचा प्रवास झोपेत विरघळलेला असतो, माणसं ताजीतवानी असतात, आणि दुपारी जेवून निघालं तरी अंधार पडायच्या सुमारास कोल्हापुरात पोचता.

कलाकाराचं म्हणाल तर मोठ्या नावामागं धावू नका. वीस-पंचवीस माणसांच्या खोलीत तिशी-चाळिशीतला, रोज चार तास रियाज करणारा गवई किंवा गायिका जे देऊन जाते ते मांडवातल्या मोठ्या नावाकडून मिळत नाही. शोधायला कर्नाटक विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, आपल्या गायन समाज देवल क्लबमधली मंडळी आहेत. 1883 पासूनची संस्था आहे, तिथल्या जाणत्यांना विचारलं की दोन दिवसांत तीन-चार नावं हातात येतात. प्रत्येकाचं एक पूर्ण ध्वनिमुद्रण ऐका, पाच मिनिटांची चित्रफीत नको. ख्याल विलंबितात, म्हणजे संथ लयीत, किती धीरानं मांडतात ते त्यातूनच कळतं. फोन करताना प्रसंग स्पष्ट सांगा: वडिलांची साठी आहे, ते जाणते श्रोते आहेत, सकाळचे राग हवेत, शेवटाकडं एक नाट्यपद आणि मग भैरवी. बाबांचं आवडतं पद आधीच सांगून ठेवा. धारवाडच्या बऱ्याच गायकांना मराठी पदं येतात, पण नेमकं तेच बसवायला आठवडाभर हाताशी असला तर ते मनापासून बसवतात. बैठक रंगात आल्यावर समोरून 'हे म्हणा, ते म्हणा' असं करू नका.

बिदागी पहिल्याच बोलण्यात ठरवा. गाणाऱ्याची, तबलजीची, पेटीवाल्याची आणि तंबोऱ्यावर बसणाऱ्याची पाकिटं वेगळी. 'तुम्ही वाटून घ्या' असं म्हणणं साथीदारांवर अन्याय करणारं आहे, हे मी साथीदार म्हणून सांगतो. येण्याजाण्याचा खर्च, नाश्ता आणि जेवण तुमच्याकडं. पाकीट कार्यक्रम संपल्यावर लगेच, शांतपणे, एका बाजूला नेऊन द्यायचं आणि तेही बाबांच्या हातानं. सोबत शाल-श्रीफळ द्यायचं तर द्या, पण तीन तास गाऊन दमलेल्या माणसाला सत्काराच्या भाषणात अडकवू नका.

जागा निवडताना हॉटेलचा मोठा हॉल घेऊ नका. गुळगुळीत फरशी, काचेच्या खिडक्या आणि उंच छत असलं की आवाज घुमतो आणि तानेचा दाणा कळत नाही. जुन्या घराची माडी, एखाद्या संगीत विद्यालयाची शिकवणीची खोली किंवा राहत्या जागेचा लांबट दिवाणखाना चालेल. खाली जाजम, त्यावर पांढऱ्या चादरी, मागं लोड. गाणाऱ्यांसाठी वीतभर उंचीची बैठक. गुडघेदुखीवाल्यांसाठी दोन्ही कडांना खुर्च्या ठेवा. मागं नको, कडेला, म्हणजे बाबा खुर्चीत बसले तरी कलाकाराच्या नजरेत राहतात. गाणाऱ्याला दाद समोरच्या चेहऱ्यावर दिसावी लागते, आणि त्या सकाळी तो चेहरा बाबांचा असला पाहिजे. एवढ्या खोलीत ध्वनिक्षेपक नको. पेटीवाला मागेल कदाचित, त्याला आधी सांगून ठेवा.

आता वाद्यांबद्दल थोडं बारकाईनं लिहितो, कारण घरगुती बैठका इथंच बिघडतात. गाणारा पुरुष असेल तर पट्टी, म्हणजे गाण्याचा षड्ज, बहुधा काळी एक किंवा पांढरी दोन, बाई असतील तर काळी चार किंवा काळी पाच. ही पट्टी तबलजीला दोन दिवस आधी कळलीच पाहिजे, म्हणजे तो त्या तोंडाचा तबला घेऊन येतो. ठोकून ठोकून एक-दोन स्वर वरखाली करता येतात, त्यापलीकडं ओढलं की तबल्याचा आवाज मरतो. तंबोरे दोन हवेत. ते सकाळी आणू नका, आदल्या रात्री त्याच खोलीत आणून ठेवा, गवसणी काढून, भिंतीला टेकवून. फेब्रुवारीत धारवाडची सकाळ गार असते. सहाला लावलेला तंबोरा ऊन आत आलं की उतरायला लागतो, कारण धातूची तार तापली की सैल पडते. तबल्याचं उलट. पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, उबेनं वाळते, ताणली जाते आणि सूर चढतो. म्हणजे तंबोरा खाली आणि तबला वर, दोघं एकमेकांपासून दूर जायला लागतात. गाणारा आलापात असताना मी हातोडी उचलून तबल्याच्या मेखा, म्हणजे कडेचे लाकडी गट्टे, खालून वर ठोकतो ते याचसाठी, आणि श्रोत्यांना वाटतं हा मध्येच कशाला खटखट करतोय. त्या वेळी थांबा, कुजबुजू नका, दोन मिनिटांत सगळं सुरात येतं. वातानुकूलन असेल तर ते बंदच ठेवा. पंखा लावायचा तर तबल्याच्या थेट वर नको. आणि गायक ललत गाणार असतील तर पंचमाची तार मध्यमावर लावावी लागते, कारण ललतात पंचम नाही. पुढं बिलावलाला ती परत पंचमावर यायला हवी. या अदलाबदलीला जो वेळ लागतो त्यात चहा फिरवा. एकदाच. मध्येच कपबश्यांची ये-जा नको.

केक बैठकीच्या आत कापू नका. सहा-साडेसहाला बाबांचं औक्षण करा, आईंनी आणि लेकीसुनांनी ओवाळायचं, तोंड गोड करायचं, मग बाबांनी येऊन बसायचं. भैरवीनंतर टाळ्या झाल्या की जेवणापर्यंत सगळा वेळ तुमचाच आहे. भैरवी झाल्यावर आणखी एखादी चीज मागायची नाही, हे घरातल्या तरुण मंडळींना आधी सांगून ठेवा. लहान मुलं असतील तर त्यांना पहिला तासभर आत बसू द्या आणि कंटाळली की शांतपणे बाहेर न्यायला एक काका नेमून ठेवा.

हे सगळं बाबांपासून लपवून ठेवायचं, असं तुम्ही लिहिलंय. अर्धंच लपवा. धारवाडला जायचंय आणि रविवारी सकाळी गाणं आहे, एवढं त्यांना सांगा. साठीच्या माणसाला औषधं, कपडे, झोप यांची तयारी लागते, आणि जाणता श्रोता मैफलीची वाट बघण्यातही अर्धा आनंद घेतो. कोण गाणार आणि त्यांचं आवडतं पद होणार, हे मात्र शेवटपर्यंत सांगू नका.

शनिवार हलका ठेवा. पहाटे सहाला निघालात तर कागल, निपाणी, संकेश्वर करत साडेआठच्या सुमारास बेळगाव, तिथं नाश्ता, आणि साडेदहा-अकराला धारवाड. अंतर साधारण 190 किलोमीटर, पुणे-बेंगळुरू हाच महामार्ग. मात्र कामं चालू असलेल्या टप्प्यांमुळं तास-दीड तास जास्तीचा धरा. एसटीच्या भरवशावर राहू नका. सीमाप्रश्न तापला की दोन्ही बाजूंच्या बस थांबतात, आणि ते आधी सांगून होत नाही. छोटी बस किंवा दोन गाड्या बऱ्या. ज्यांना गाडीचा त्रास होतो त्यांच्यासाठी कोल्हापूर-तिरुपती हरिप्रिया एक्स्प्रेस बेळगाववरून धारवाडला जाते. तिच्या वेळा निघण्याआधी पुन्हा तपासा.

पोचल्यावर आधी मन्सूरांच्या घरी जा. वेळ फोनवर विचारून घ्या, कारण अशी स्मारकं कधी सुट्टीला बंद असतात. तिथं घाई करू नका. दुपारी सगळ्यांना झोपू द्या. संध्याकाळी साधनकेरीला द. रा. बेंद्र्यांचं घर आहे, तळ्याकाठी फिरणंही होतं. कन्नडचे एवढे मोठे कवी आणि घरची बोली मराठी, बाबांना तिथं गोडी वाटेल. गुरुकुलात जायचं असेल तर आधी परवानगी काढा. मुलांचा रियाज चालू असतो, दहा-बारा माणसं अचानक दारात उभी राहणं बरं दिसत नाही. कुंदगोळ या खेपेला सोडून द्या. एका दिवसात सगळं बघायच्या नादात बाबा थकले तर रविवारची सकाळ वाया जाईल.

जेवणाची चिंता नाही. ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, दही, हे आपल्या जिभेचंच जेवण आहे. संध्याकाळी गिरमिट आणि मिरची भजी. तांबडा-पांढरा तिकडं शोधत बसू नका. सामिष हवंच असेल तर हुबळीत सावजी, म्हणजे झणझणीत मटणाचं जेवण, आहे, पण ते शनिवारी दुपारी घ्या, रात्री नको. पेढा लाइन बाजारातला, आणि परतीला बेळगावचा कुंदा. पेढे शनिवारीच घेऊन ठेवा, म्हणजे रविवारी कलाकारांच्या हातात पहिला पेढा बाबांना देता येईल.

बाबांची तब्येत ऐन वेळी बिघडली तर हीच बैठक कोल्हापुरात करा. धारवाडच्या कलाकाराला इकडं बोलावता येतं, फक्त शनिवारी संध्याकाळी त्यांची राहण्याची सोय करावी लागेल. हे फोनवर पहिल्याच वेळी विचारून ठेवा, म्हणजे तारीख वाया जात नाही. लग्नसराई आणि कार्यक्रमांचा हंगाम एकत्र असल्यामुळं चांगले तबलजी फेब्रुवारीत लवकर अडकतात. म्हणून गाणाऱ्याचा होकार आला की त्याच दिवशी त्यांनाच विचारून तबल्याची आणि पेटीची माणसं पक्की करा, त्यांच्या रोजच्या सवयीची. त्यानंतर खोली, आणि गाडी-हॉटेल सगळ्यात शेवटी. कलाकार ठरले की मला त्यांची पट्टी कळवा. तिकडच्या तबलजींशी मी बोलून घेईन, आणि तंबोऱ्याची जोडी तिथं मिळाली नाही तर इथून गाडीत कशी न्यायची तेही समजावून सांगेन.